शिळे कोणाच्या पानात?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून उरल्यासुरल्या अन्नाविषयी बोलायचे, ही गोष्ट कित्येकांना चमत्कारिक वाटेल. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू झाली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर स्वराज्य, समाजसुधारणा, संतवाङ्मय, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय येऊन गेले. शिळ्या भाकरीला मात्र येथे क्वचितच बोलावणे आले असेल. तथापि आमची अशी समजूत आहे की, अर्थशास्त्राची पहिली शाळा चुलीपुढे भरते. आणि न्याय-अन्यायाचा पहिला धडाही तेथेच मिळतो. म्हणून आज आम्ही आपणांस थोडा वेळ स्वयंपाकघरात नेणार आहोत. पुरुष श्रोत्यांनी 'हा विषय आमचा नव्हे' असे म्हणून उठून जाऊ नये. पुढे त्यांच्याशीच अधिक काम आहे.

प्रथम एक शब्द साफ करून घेऊ. काटकसर म्हणजे चिक्कूपणा नव्हे. पोटाला चिमटा घेऊन पैसा गाठीला बांधणे ही काटकसर नसून पोटाशी केलेला दगाफटका होय. दात कोरून पोट भरत नाही, हे आपल्या आजी-पणजींना ठाऊक होते. कोंड्याचा मांडा करणारी बाई म्हणून त्यांचे कौतुक होई, पण त्यांची खरी हुशारी मांड्यात नव्हती. आज चुलीवर भांडे ठेवताना उद्याचा, पुढच्या महिन्याचा आणि पुढच्या मृगाचा विचार डोक्यात असे, ती त्यात होती. काटकसर म्हणजे अशी ही आखणी.

मराठवाड्यात ही आखणी कोणी हौसेने शिकलेले नाही. ती अवर्षणाने शिकवली. १९७२ च्या दुष्काळाची आठवण अजूनही घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात निघते. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी त्या वर्षी लोकांनी खाल्ली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी वाटली गेली. ज्या घरात पांढऱ्याशुभ्र शाळूची भाकरी होत असे, त्या घराला तो तांबडा घास कसा गेला असेल, याची कल्पना करावी. पुढे पन्नास वर्षांत पुष्कळ सुधारणा झाली, रस्ते झाले, बाजारपेठा वाढल्या, लातूरची तुरीची डाळ देशभर नावाजली. आणि तरीही २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, आणि एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होते. त्या दिवसांत लातुरातल्या गृहिणीने भांडे घासताना पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजला.

हे सांगण्याचे कारण असे की, अन्न वाया जाते तेव्हा नुसते अन्न वाया जात नाही. वाटीभर भात उकिरड्यावर टाकला म्हणजे तो पिकवायला लागलेले, धुवायला लागलेले, शिजवायला लागलेले आणि ते भांडे घासायला लागलेले पाणी आपण त्याबरोबर टाकतो. पाण्याची गाडी पाहिलेल्या गावाने तरी हे विसरू नये.

आता थोडा हिशोब करू. एका भाकरीला सुमारे शंभर ग्रॅम पीठ लागते. घरात रोज दोन भाकऱ्या जास्त होतात आणि त्या वाया जातात, असे धरा. दोन भाकऱ्यांनी काय होते, असे आपण म्हणतो. दिवसाला दोनशे ग्रॅम, महिन्याला सहा किलो, आणि वर्षाला त्र्याहत्तर किलो! जवळजवळ पाऊण क्विंटल ज्वारी. कोरडवाहू शेतात ती पिकवायला किती घाम गाळावा लागतो, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आणि हे आपल्याच घरी होते असे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील साठ टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, तर घराघरांतून गेले. तेव्हा हा प्रश्न घरातच सोडवला पाहिजे.

तो सोडवण्याची साधने आपल्याकडे तीन आहेत: वर्षाची बेगमी, ऋतूचे माळवे आणि कालचे उरलेले. एक एक घेऊ.

बेगमीपासून आरंभ करणे आज योग्यच आहे, कारण हे दिवस वाळवणाचे आहेत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्च्यांवर आणि माळवदांवर पापड, कुरडया, शेवया, सांडगे, खारोड्या यांच्या रांगा लागतात. पूर्वी धान्य पेवात किंवा भिंतीतल्या बळदात राही आणि वाळवण उतरंडीच्या मडक्यांत राही. पेवे बुजली, बळदांची कपाटे झाली. परंतु वाळवणामागचा हेतू आजही तोच आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या आरंभी भाजी महाग आणि जून मिळते. त्या दीड-दोन महिन्यांचे कोरड्यास आधीच डब्यात भरून ठेवायचे. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवावा, मेथी वाळवावी, गवारीच्या शेंगा चिरून वाळवाव्यात. ज्येष्ठात भाजीवालीकडे काही नसले, तरी हरभऱ्याच्या वाळलेल्या पाल्याची भाजी, बाजरीची भाकरी आणि ठेचा एवढ्यावर जेवण साजरे होते.

याच वर्गातला आपल्या भागाचा एक पदार्थ म्हणजे येसर. धान्ये आणि डाळी भाजून, त्यांत मसाला घालून दळलेले हे पीठ. पाण्यात कालवून फोडणीवर ओतले की थोड्या वेळात आमटी तयार. अवेळी पाहुणा आला, मंडईत जाणे झाले नाही, आजारपणाने स्वयंपाकाला बळ उरले नाही, अशा प्रत्येक प्रसंगी हा डबा घराची लाज राखतो. आजकाल बाजारात पाकिटातली तयार सूपे मिळतात आणि त्यांचे मोठे अप्रूप वाटते. येसराचा डबा घरात असताना ते अप्रूप कशाला, हे आम्हांस उमगत नाही.

वाळवणाविषयी एकच ताकीद द्यायची आहे. सांडगा असो की गवार, ती कट्‌कन मोडेपर्यंत वाळली पाहिजे. ओल राहिली तर बुरशी धरते. बुरशी आलेले शेंगदाणे, बुरशी आलेला पापड 'तळला म्हणजे चालतो' अशी एक समजूत आहे. ती धोक्याची आहे. काही बुरशींचे विष तळण्याने जात नाही. अशी वस्तू बेलाशक टाकावी. औषधाला लागणारा पैसा वाचवलेल्या पापडापेक्षा नेहमीच जास्त असतो.

दुसरे साधन ऋतूचे माळवे. जे ज्या ऋतूत पिकते ते त्या ऋतूत स्वस्त असते, ताजे असते आणि बहुधा त्या ऋतूत मानवतेही. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, तरोटा या रानभाज्या बांधावर आपसूक येतात. किनवट-माहूरच्या रानातली करटुली नांदेडच्या बाजारात येतात. अंबाडीची भाजी तर आपली खूणच आहे. तिच्यात ज्वारीच्या कण्या शिजवून वर लसणाची फोडणी घातली की दुसऱ्या कशाची आठवण होत नाही. हिवाळ्यात मेथी, चुका, करडईचा पाला, वांगी, गाजरे, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा यांची चंगळ असते. उन्हाळ्यात काकडी, कैरी, शेवगा, कांदा आणि भोपळा. जानेवारीत भेंडीसाठी आणि मे महिन्यात मटारासाठी हट्ट धरणारा माणूस खिशातून दुप्पट पैसे देतो आणि अर्ध्या चवीची भाजी घरी आणतो.

या ऋतुभोजनाचा सर्वांत सुंदर पाठ वेळ अमावास्येला मिळतो. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागांत शहरे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुटीही देतात. त्या दिवशीची भज्जी काय असते? शेतात आणि बाजारात त्या आठवड्यात जे जे ओले मिळते, हरभरा, तुरीचे सोले, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, ते सारे एका भांड्यात आणि त्याला बेसनाचे आळण. जोडीला बाजरीचे उंडे आणि ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील. येथे एकही वस्तू दुरून आणलेली नाही, एकही वस्तू महाग नाही, आणि तरी याला मेजवानी म्हणतात. 'येळवशीची भज्जी' हा शब्द उच्चारला तरी माणसाचा चेहरा खुलतो. स्वस्त आणि रुचकर यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांना आम्ही या भज्जीची साक्ष देतो. आमचे म्हणणे एवढेच की, वर्षातून एकदा शेतात बसून जे करतो, ते थोड्या प्रमाणावर आठवड्यातून एकदा घरीही करावे. दुरडीच्या तळाशी राहिलेले एक गाजर, दोन वांगी, मूठभर शेंगा आणि मेथीची अर्धी जुडी यांची वेगवेगळी भाजी होत नाही. एकत्र मात्र चांगले गरगट होते.

आता तिसरे साधन, कालचे उरलेले. येथे प्रथम हे ध्यानात घ्यावे की उरणे दोन प्रकारचे असते. एक चुकून उरते, दुसरे ठरवून उरवलेले असते. चुकून उरलेल्याची चिंता होते, ठरवून उरवलेल्याची सोय होते. पाच माणसांना एका वेळेस पावणेदोनशे ग्रॅम तुरीची डाळ लागत असेल, तर एकदाच साडेतीनशे ग्रॅम शिजवावी. कुकर एकदा लागला, गॅस वाचला. निम्मे वरण फोडणीला टाकण्यापूर्वीच काढून, निववून, झाकून थंड जागी ठेवावे. फोडणी घातलेले वरण दुसऱ्या दिवशी वरणच राहते. साध्या शिजलेल्या डाळीचे मात्र दुसऱ्या दिवशी काय वाटेल ते होते. तिच्यात कणकेच्या लाट्या सोडल्या की चकोल्या झाल्या. मेथी घातली की डाळमेथी झाली. हाच नियम उसळीच्या कडधान्यांना, उकडलेल्या बटाट्याला आणि भोपळ्याला लागू आहे.

हे सारे एका आठवड्यावर बसवून पाहू. सध्याचे उन्हाळ्याचे दिवस धरा. रविवारी बाजार केला. अख्खा लाल भोपळा, कांदे, कैऱ्या, दोडका आणि थोडी पालेभाजी आणली. पालेभाजी त्याच दिवशी संपवावी, कारण ती थांबत नाही. सोमवारी वरण-भात आणि दोडका. वरण दुप्पट शिजवलेले. मंगळवारी त्याच वरणाच्या चकोल्या, वर कच्चा कांदा आणि कैरी. बुधवारी मोड आलेल्या मटकीची उसळ; निम्मी मटकी कच्चीच फ्रीजमध्ये राखलेली. गुरुवारी राखलेल्या मटकीची आमटी आणि भोपळ्याचे भरीत. शुक्रवारी उरलेला भोपळा किसून पिठात मळून धपाटे; धपाट्यांच्या पिठात काय जाते आणि काय जात नाही, याला मर्यादाच नाही. शनिवारी डब्यातले सांडगे किंवा येसराची आमटी. बाजाराचा प्रश्नच नाही. आणि पुढच्या रविवारी सकाळी, बाजाराला निघण्यापूर्वी, रिकामे करण्याचे जेवण. भाकऱ्या उरल्या असतील तर कुस्करा, थोडे कमी पडले तर मुरमुऱ्यांचा सुशीला. घरात काय आहे ते संपवून आणि पाहून मगच पिशवी उचलायची. पुष्कळशी नासाडी बाजारात होते, चुलीवर नव्हे. स्वस्त मिळाल्या म्हणून मेथीच्या चार जुड्या आणणारा माणूस दोन जुड्या विकत घेतो आणि दोन जुड्यांचे खत विकत घेतो.

येथे फ्रीजचा विचार केला पाहिजे. पूर्वी शिंके होते, आता फ्रीज आहे. बहुतेक घरांत एका दाराचा, वर बर्फाचा लहानसा कप्पा असलेला. हे यंत्र उपकारक आहे यात शंका नाही, पण ते विचार करत नाही. विचार आपल्यालाच करावा लागतो. एरवी कुजलेल्या वस्तू उकिरड्यावर दिसत, त्या आता महिनाभर थंड होऊन मग उकिरड्यावर जातात, एवढाच फरक पडतो. बर्फाच्या कप्प्याचा खरा उपयोग ऋतू पुढे ढकलण्यासाठी आहे. हिवाळ्यात स्वस्त झालेले मटार, ओला हरभरा, तुरीचे सोले सोलून, उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून, लगेच गार पाण्यात काढून, कोरडे करून, एका वेळेस लागेल एवढ्याच्या पुड्या बांधाव्यात आणि पुडीवर तारीख घालावी. कप्पा पुरेसा गार असेल, म्हणजे उणे अठरा अंशांच्या आसपास, तर हे दाणे पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतात. काकडी, कच्चा बटाटा अशा वस्तू तेथे ठेवू नयेत. त्यांचा लगदा होतो. आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये.

आपल्याकडे वीज जाते, हेही धरून चालावे. वीज गेली की दार उघडून 'काय झाले' म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. दार बंद राहिले तर गच्च भरलेला चांगला फ्रीजर साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. लहान कप्प्याला तेवढे बळ नसते, हे ध्यानात ठेवावे. खालच्या भागातले शिजलेले अन्न मात्र चार तासांपलीकडे भरवशाचे नाही.

उन्हाळ्यात शिजवलेले अन्न बाहेर फार वेळ ठेवू नये. नांदेड-लातूरचा पारा बेचाळीसवर जातो, तेव्हा तासाभरात ते थंड जागी गेले पाहिजे. भाताची विशेष काळजी घ्यावी. भात शिजल्यावरही काही जंतूंचे बीज त्यात जिवंत राहते, उबेत ते वाढते आणि विष तयार करते. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकणे म्हणजे काटकसर नव्हे. भात रात्रीच निववून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत तापवून संपवावा. भाकरीचे तसे नाही. ती कोरडी असते म्हणून दुसऱ्या दिवशीही टिकते. आपल्या मुलखाने भातापेक्षा भाकरीवर भिस्त ठेवली, त्यात हाही शहाणपणा असावा.

लातूर आणि नांदेड ही आता विद्यार्थ्यांची गावे झाली आहेत. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे गावोगावची मुले-मुली येथे खोल्या करून राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांचा डबा गावाहून एसटीने येतो. त्या डब्यामागे एका आईचे पहाटेचे दोन तास असतात. उन्हात चार तास प्रवास करणाऱ्या त्या डब्यात भात आणि पातळ भाजी घालू नये. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कोरडा झुणका घालावा. आणि खोलीवर येसर आणि मेतकूट यांचे दोन डबे असावेत. मुलांनाही आम्ही सांगू की, डब्यातले अर्धे टाकून बाहेर वडापाव खाताना त्या पहाटेची आठवण ठेवावी.

येथवर आम्ही जे सांगितले, त्यातले पुष्कळसे येथे बसलेल्या भगिनींना आमच्याहून अधिक येते. त्यांस शिकवण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. ज्या प्रश्नासाठी उभे राहिलो तो आता विचारतो. घरात उरलेले कोण खाते?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे, म्हणून कोणी देत नाही. गरम भाकरी तव्यावरून आधी घरधन्याच्या आणि मुलांच्या ताटात जाते. सकाळची गार भाकरी, तळाशी राहिलेले वरण, कोणी न खाल्लेली भाजी हे सर्व शेवटी, भांडी आवरताना, घरातल्या बाईच्या पानात येते. 'टाकायचे कसे?' म्हणून ती ते खाते. कधी भूक नसताना खाते. आणि कधी उरलेच नाही तर चटणी-भाकरीवर उठते. घराची सारी काटकसर अशी एका माणसाच्या पानात गोळा होते, आणि आपण तिला 'अन्नपूर्णा' म्हणून मोकळे होतो.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, शंभरांत चौपन्न, रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, केवळ शिळ्यावर त्याचा दोष टाकता येणार नाही. परंतु जी शेवटी जेवते, तिच्या वाट्याला भाजी-डाळ किती येते, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरी करून पाहावा.

यात अन्याय तर आहेच, पण ढोबळ अर्थशास्त्रीय चूकही आहे. 'आज चार भाज्या कर', 'भाकऱ्या भरपूर असू देत', 'मी बहुधा जेवायला येईन' असे सांगणारा माणूस एक, आणि त्याने सांगितल्यामुळे उरलेले खाणारे माणूस दुसरे. ज्याच्या सांगण्याने नासाडी होते, त्याला तिची झळ लागत नाही; मग त्याने हात आखडता घ्यावा तरी का? हेच उरलेले सर्वांच्या पानात समान पडू लागले, तर आठ दिवसांत घरातला अंदाज कसा नेमका होतो, ते पाहा. दोन वेळा गार भाकरी खाल्ली की तिसऱ्या दिवशी घरधनी सकाळीच सांगेल, 'आज मी बाहेर आहे, माझ्या दोन भाकऱ्या करू नका.' काटकसरीचा याहून सोपा उपाय आमच्या पाहण्यात नाही.

'घरातल्या कर्त्या माणसाला शिळे कसे वाढायचे?' असे कोणी म्हणेल. आमची परंपरा या शंकेला उत्तर देते. श्रावणातल्या शीतला सप्तमीला ज्या घरी चूल पेटवत नाहीत, त्या घरी आदल्या दिवशीचे सारेच खातात. सासरे खातात, जावई खातात, आणि कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. सप्ताहाच्या शेवटी काल्याचा प्रसाद घेताना 'यात कोणाची शिदोरी आहे' असे कोणी विचारत नाही. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये श्रीमंत आणि भिकारी एका पंगतीत बसतात आणि एकाच भांड्यातले अन्न घेतात. देवाच्या दारी जे जमते ते घरच्या पाटावर का जमू नये? आणि शिळ्याचा विटाळ म्हणाल, तर आंबील काय, इडलीचे पीठ काय, मोडाची मटकी काय, सारी कालचीच असतात. हॉटेलात पैसे मोजून तीच आपण चवीने खातो.

शेवटी चार गोष्टी सांगतो, त्या घरी जाऊन अमलात आणण्याजोग्या आहेत. पहिली, सकाळी कोण जेवणार आणि कोण नाही हे प्रत्येकाने आपण होऊन सांगावे. विचारत फिरण्याचे काम गृहिणीवर टाकू नये. दुसरी, उरलेले असेल ते पहिल्या पंगतीलाच सर्वांना थोडे थोडे वाढावे, आणि शक्यतो पंगत एकच असावी. तिसरी, ज्याचा वास किंवा रंग बदलला, ज्याची शंका आली, ते टाकून द्यावे. आपण खाणार नाही ते घरातल्या बाईनेही खाऊ नये, आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही देऊ नये. आंबलेली भाजी दुसऱ्याला देऊन पुण्य लागत नाही. चौथी, वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर घरातल्या सर्वांचे हात लागावेत. जो स्वतः कुरडई घालतो, तो ताटात कुरडई टाकत नाही.

मराठवाड्याने उपास पाहिले आहेत, म्हणून त्याला अन्नाची किंमत कोणी सांगायला नको. सांगायचे ते एवढेच की, ती किंमत घरातल्या एकीनेच मोजू नये. शिळे सर्वांच्या पानात पडू लागले, म्हणजे ते हळूहळू कोणाच्याच पानात उरणार नाही.